४२ रात्री, निळं पेन, लाल पेन: सोसायटीत ‘श्यामची आई’ वाचायचा उद्योग

१७ नोव्हेंबर

काम काय आहे ते आधी सांगते, म्हणजे ज्यांना आपल्याकडे असलं काही करायचंय त्यांना पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल.

नाशिकच्या जेल रोडवरच्या आमच्या सोसायटीत ‘श्यामची आई’ पूर्ण वाचायचं, सगळ्या ४२ रात्री (पुस्तकातली प्रकरणं म्हणजेच रात्री), आणि एकाच वेळी दोन टोळ्यांनी. एक टोळी आठवी ते दहावीची पोरं. दुसरी आम्ही चाळिशीच्या पुढचे, ज्यांनी हे शाळेत असताना वाचलंय, रडलोय, आणि नंतर कधी हात लावलेला नाही. प्रत्येकाला रुंद समास सोडलेली प्रिंट द्यायची, पोरांनी निळ्या पेनाने खुणा करायच्या, मोठ्यांनी लाल पेनाने, आणि शेवटी सगळ्यांच्या खुणा एका मेन कॉपीत उतरवायच्या की एकाच पानावर दिसेल कोण कुठे थांबलं. बस एवढंच. चर्चासत्र वगैरे काही नाही.

हे डोक्यात आलं माझ्या शाळेतल्या कॉपीमुळे. आठवीत निबंधाला बक्षीस मिळालेली आहे ती. तिच्यात पेन्सिलने आईच्या तोंडचं जवळजवळ प्रत्येक वाक्य अधोरेखित केलंय, काही ठिकाणी तर रेघ इतकी दाबून मारलीय की मागच्या पानावर वळ उठलाय. पण बत्तिसाव्या रात्रीपासून सदतिसावीपर्यंत, म्हणजे घर कर्जात बुडत जातं तो सगळा भाग, एक रेघ नाही. दोन पानं तर बाइंडिंगवाल्याकडून न कापता आलेली, वरच्या कडेला जोडलेली, ती अजून तशीच आहेत. म्हणजे मी ती उघडलीच नव्हती. आणि आता दिवसभर अंबडला एका कंपनीत बसून करते काय, तर येणी, देणी, व्याज, कोणाचं किती थकलं. म्हटलं बघू तरी आता.

साने गुरुजींनी हे १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या जेलमध्ये लिहायला घेतलं, ९ तारखेला सुरू, १३ला पहाटे हातावेगळं, बहुतेक सगळ्या रात्री त्या चार-पाच दिवसांत. आमच्या रोडचं नावच जेल रोड असल्याने पोरांना पत्ता समजावून सांगावा लागला नाही. आपणही १३ फेब्रुवारीला संपवायचं असं ठरवलंय. आठवड्याला तीन-चार रात्री ज्याने त्याने घरी वाचायच्या, रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये जमायचं.

२० नोव्हेंबर

प्रिंटचं काम वाटलं होतं त्याच्या चौपट निघालं.

छापील पुस्तकं स्वस्त मिळतात पण समास नखाएवढा आणि अक्षर बारीक, आमच्या टोळीतल्या निम्म्यांना चष्मा लावूनही त्रास. म्हणून नेटवरून मजकूर घेतला. कॉपीराइटचं काही नाही, गुरुजी १९५०ला गेले, लेखक गेल्यावर ६० वर्षं धरतात, त्यामुळे २०११पासून पुस्तक सगळ्यांना मोकळं आहे.

पण मजकुरात ‘दुसऱ्या’चं ‘दुस-या’, ‘बिचाऱ्या’चं ‘बिचा-या’, ‘तऱ्हा’ची ‘त-हा’. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना हे सगळ्यांच्या बाबतीत होतं. ‘-या’ शोधून ‘ऱ्या’ टाकायचं असं एका फटक्यात रिप्लेस केलं तर संवादातल्या डॅशनंतर जिथे जिथे ‘या’ होता तिथेही ‘ऱ्या’ बसला. ते परत हाताने काढत बसले, दोन रात्री गेल्या. करणाऱ्यांनी एकेक बघत ‘रिप्लेस’ दाबावं, ‘रिप्लेस ऑल’ नको.

दुसरं म्हणजे मिरर मार्जिन. उजवीकडे सात सेंटिमीटर समास सोडला, पाठपोट छापलं, आणि पाठच्या पानाचा समास नेमका स्पायरलखाली गेला. झेरॉक्सवाल्याने पहिली कॉपी काढून दाखवली म्हणून वाचलं, नाहीतर पंधराच्या पंधरा गेल्या असत्या. त्यानेच सेटिंग बदलून दिलं.

खर्च: १४ पॉइंटमध्ये साधारण २४० बाजू, बाजूला एक रुपया, स्पायरल चाळीस, म्हणजे कॉपीला २८०. पंधरा कॉप्या ४२०० रुपये. वर्गणी काढली, मोठ्यांकडून पाचशे-पाचशे, पोरांना फुकट. छापील पुस्तक याच्याहून बरंच स्वस्त पडतं हे मान्य, आमच्या ह्यांनी ते तीनदा बोलून दाखवलं.

२४ नोव्हेंबर

पहिली बैठक. आपटली.

पहिल्यापासून सुरू केलं, रात्र पहिली, सावित्री-व्रत. आश्रम, प्रार्थना, आकाशात तारे, मित्र गोल करून बसलेत आणि श्याम आईची गोष्ट सांगतोय. मोठ्यांच्या माना डोलायला लागल्या, पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ए विंगमधल्या नववीच्या पोरीने सरळ विचारलं, “काकू, हे रोज असेच रडतात का?” तोपर्यंत त्यात कोणी रडलंही नव्हतं, पण सूर लागलेला तिला कळला.

पार्किंगमध्ये डास. शिवाय साडेसात म्हणजे गाड्या येण्याची वेळ, दर दोन मिनिटांनी सगळ्यांनी खुर्च्या उचलायच्या. पुढच्या वेळेपासून सोसायटीच्या ऑफिसात बसायचं, चेअरमन काकांनी किल्ली दिलीय, अट एवढीच की खाणं आत न्यायचं नाही.

१ डिसेंबर

पोरं निम्मी आली. आलेल्यांनी निळं पेन वापरलंय ते बदामाचे आणि रडक्या तोंडांचे इमोजी काढायला. एकाने तिसऱ्या रात्रीच्या समासात, म्हणजे उमलायच्या आत कळ्या तोडल्या म्हणून आई श्यामला समजावते तिथे, लिहिलंय ‘ओव्हर झालं’. मला हसू आलं. मला आठवीत ते ओव्हर वाटलं नव्हतं, माझ्या कॉपीत तिथे दुहेरी रेघ आहे. आत्ता वाचताना मात्र मीही पोराच्याच बाजूची निघाले.

मोठ्यांच्या कॉप्या तर कोऱ्याच. कारण विचारलं तर म्हणे पुस्तकावर लिहायचं नसतं. अहो ते पुस्तक नाहीये, झेरॉक्स आहे, तुम्हीच पैसे दिलेत! पण नाही. पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आपण, पेन कसं चालणार.

८ डिसेंबर

क्रम मोडला. हे आधीच करायला हवं होतं, जे कोणी पोरांबरोबर वाचणार असाल त्यांनी हे लक्षात घ्या. साधारण तिसाव्या रात्रीपर्यंत प्रत्येक रात्र सुटी वाचता येते, आधीचं माहीत नसलं तरी काही अडत नाही. शेवटच्या दहा-बारा मात्र ओळीनेच घ्याव्या लागतात, तिथे एकातून दुसरं निघतं. म्हणून आता बारावीपासून परत सुरू केलं, श्यामचे पोहणे. मग सातवी (पत्रावळ), अठरावी (अळणी भाजी), एकोणतिसावी (चोरी), आणि बाकीच्या ज्याला जशा जमतील तशा.

पोहण्याच्या रात्रीने गाडी रुळावर आली. श्यामला पाण्याची भीती, पोरं न्यायला येतात तेव्हा हा माळ्यावर लपून बसतो, आई शोधून काढते, शिमटीने फोडून काढते आणि विहिरीवर पाठवते. तो उडी मारतो, शिकतो, घरी येतो, रुसलेला असतो. आई त्याच्या अंगावरचे वळ बघते, तिचेच डोळे भरतात, आणि दही देते त्याला. तुला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून मारलं, असं सांगते.

पोरांच्या बाजूने एकजात निळ्या रेघा ‘मारलं’ तिथे. नववीची म्हणाली आज कोणी असं केलं तर १०९८ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन जाईल. आमचा फुटबॉलवाला, जो तोपर्यंत एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, “मला तर पप्पांनी डायरेक्ट ढकललं होतं, दही पण नाही दिलं.” मग सगळे आपापल्या मार खाल्ल्याच्या गोष्टी सांगायला लागले, कोणाची कोणाला ऐकू जाईना.

आमच्या टोळीतल्या आया गप्प. त्यांच्या, म्हणजे आमच्या, लाल खुणा दह्यापाशी. मारलं तिथे एकीचीही नाही. मी स्वतः तिथून पुढे सरकले होते, वाचलंच नाही म्हणा ना.

आणि पहिल्या मजल्यावरचे काका, नोटा छापतात त्या प्रेसमधून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेली, नोटा मोजण्यात हयात गेली असं स्वतःच सांगतात, ते मध्येच उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा डोळे लाल. नंतर कळलं की त्यांच्या गावच्या विहिरीत त्यांना कोणी उतरवलंच नाही, चार बहिणींनंतरचा एकुलता, आईने कधी काठावरसुद्धा जाऊ दिलं नाही, आणि आजपर्यंत पोहता येत नाही. गंगेवर (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) रामकुंडात पण पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करतात. म्हणजे बघा, शिमटी खाल्लेल्या पोराची गोष्ट वाचून न खाल्लेला माणूस रडला. हे कोणत्या पेनाने लिहायचं मला कळलं नाही, मी माझ्या वहीत लिहून ठेवलं.

२२ डिसेंबर

समासाच्या प्रश्नावर इलाज करून बघितले ते देते, म्हणजे तुम्हाला करावे लागणार नाहीत.

चिकटचिठ्ठ्या: मोठे लोक त्यांच्यावर लिहितात, त्यात पाप लागत नाही. पण स्वस्तातल्या चिठ्ठ्या दोन दिवसांत सुटतात, एका काकूंच्या पिशवीत सगळ्या तळाला जमा झाल्या, कोणती कुठली पत्ता नाही. चिठ्ठीवर आधी रात्र आणि पान नंबर लिहायचा, मग मजकूर. पाकीट ऐंशी रुपये, चार लागली.

व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट: हे सगळ्यात चांगलं चालेल असं वाटलं आणि सगळ्यात वाईट चाललं. एकेकाची सहा-सहा मिनिटं, त्यातली चार त्यांच्या लहानपणावर, कुकरच्या शिट्ट्या आणि मागे मालिका. उतरवून काढताना डोकं उठलं. बंद केलं.

नुसती पेन्सिल: हेच चाललं शेवटी. पेन्सिल म्हटल्यावर ‘खोडता येतं’ या भरवशावर सगळ्यांनी लिहायला सुरुवात केली, लाल पेन्सिल आणून दिल्या. कोणीही अजून एक अक्षर खोडलेलं नाही. तेव्हा सुरुवातच लाल-निळ्या पेन्सिलीने करा, तीच ती दोन्हीकडून टोक असलेली सुतारी पेन्सिलसुद्धा मिळते, आमचे पेनाचे पैसे वाया गेले.

थंडी मरणाची पडलीय. ऑफिसात हीटर नाही, चहा बाहेर उभं राहून.

५ जानेवारी

केसांची गोष्ट वाचली. श्याम शिकायला बाहेर राहतो, केस वाढवून घरी येतो, वडील चिडतात, आणि आई त्याला म्हणते की केसांत धर्म नसेल रे, पण आईबापांचं मन सांभाळायला एवढंही तुला जड जावं का. माझी मुलगी दहावीला आहे आणि आमच्या घरात गेले सहा महिने याच विषयावर शीतयुद्ध चालू आहे, एक जांभळी बट आहे, त्यावर मी जास्त लिहीत नाही. तिने त्या पानावर इतकं निळं केलंय की मूळ अक्षर दिसेना. शेवटचं वाक्य आहे: ‘ती पण इमोशनल ब्लॅकमेल करते, फक्त छान भाषेत.’

मी आठवीत याच पानावर लिहिलं होतं ‘किती खरे!’ आत्ता मी तिथे काहीच लिहिलं नाही. आईचं पटतंय की पोरीचं हेच ठरेना, म्हणून पान उलटलं. माझी लाल पेन्सिल या पुस्तकात इथे एकदाच अडली.

चोरीची रात्र मात्र पोरांना फार आवडली. पुस्तकं घ्यायची म्हणून श्याम पाहुण्याच्या पैशाला हात लावतो. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ हे नावच त्यांना भारी वाटलं. फुटबॉलवाल्याने विचारलं की पुस्तकासाठी चोरी केली म्हणून ती कमी वाईट का? त्यावर मोठ्यांची आपसातच जुंपली आणि चेअरमन काकांना किल्ली परत द्यायला साडेदहा झाले.

१९ जानेवारी

संक्रांतीचा रविवार पतंगात गेला, कोणी आलं नाही.

आज अळणी भाजी. घरात सगळ्यांनी न बोलता खाल्ली, आई शेवटी जेवायला बसली तेव्हा तिला कळलं की मीठच नाही. शाळेत हा धडा म्हणून सगळ्यांना माहीत असतो. बी विंगच्या काकूंनी मुद्दाम बटाट्याची भाजी बिनमिठाची करून आणली, बाहेर जिन्यात वाढली, कोणाला काही सांगितलं नाही. पोरांनी पहिल्या घासाला आरडाओरडा केला. मोठ्यांपैकी दोघांनी निमूट खाल्ली, दोघांना बीपीमुळे तशीच खायची सवय आहे, त्यामुळे प्रयोगाचा निकाल काही लागला नाही.

पण नंतर जे बोलणं झालं ते कामाचं होतं. पोरांचं म्हणणं, ते गप्प बसले कारण वडील गप्प बसले, घाबरून. आमच्यातल्या बायकांचं म्हणणं वेगळंच: ती शेवटी का बसली? सगळ्यांबरोबर बसली असती तर पहिल्या घासाला कळलं असतं, ना कोणाला त्याग करायला लागला असता ना त्याची गोष्ट झाली असती. शाळेत असताना हे एकीलाही सुचलं नव्हतं, सगळ्यांनी एकमेकींना विचारून खात्री केली. पुरुष मंडळी तेव्हा भांडी उचलत होती, बरं दिसलं.

२ फेब्रुवारी

कर्जाचा भाग सुरू. इथून पुढे ओळीने.

काल रात्री माझ्या जुन्या कॉपीतली ती जोडलेली पानं फूटपट्टीने कापली. कागद पिवळा, कडा कोऱ्या करकरीत, आतून प्रेसचा वास अजून येतो असं मला वाटलं, धाकटा म्हणाला वाळवीचा आहे.

हा भाग मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना समोर वही घेऊन बसले. आकडे पुस्तकात फार नाहीत, पण क्रम सगळा आहे. खोताचं, म्हणजे कोकणात गावचा सारा गोळा करणाऱ्याचं, घराणं. भाऊबंदकीत वेगळं निघावं लागतं. कर्ज. हप्ता फिटत नाही. आई वडिलांना सांगते की एखादा तुकडा विका आणि मोकळे व्हा. वडिलांना जमीन सोडवत नाही, खोतकी गेली तरी खोताचा ताठा जात नाही, बायकांना यातलं काय कळतं असा सूर. व्याज वाढत जातं. वसुलीचा माणूस दारात येऊन बसतो, बोलायला लागतो, घरातल्या बाईपर्यंत जातो, तेव्हा आई बाहेर येऊन त्याला ओटीवरून चालतं व्हायला सांगते. वडील खाली मान घालून. मग तेल आहे तर मीठ नाही. मग जप्ती, गावात दवंडी.

माझ्या कामात असली खाती रोज दिसतात. मालमत्ता आहे, रोख नाही, आणि मालकाला मालमत्ता सोडवत नाही. वेळेत एक गाळा विकला असता तर दुकान वाचलं असतं असं नंतर सगळेच म्हणतात. या घरात ते वेळेत म्हणणारं माणूस एकच होतं. आठवीतल्या मला ही बाई म्हणजे फुलं, देव, भूतदया एवढीच दिसली होती, रेघा सगळ्या तिथेच आहेत. व्याज कसं चढतं ते घरात फक्त तिला समजत होतं हे ज्या पानांत आहे ती पानं मी कापलीच नव्हती. शाळेत शिकवतानासुद्धा हे कोणी सांगितल्याचं आठवत नाही, सगळा भर संस्कारांवर.

बैठकीत हे बोलून दाखवलं तर आमच्यातले एक जण म्हणाले, अहो तुम्हाला सगळीकडे लेजरच दिसणार. असेल. पण प्रेसवाले काका म्हणाले की त्यांच्या वडिलांनीही असंच एक शेत धरून ठेवलं होतं, आणि मग जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.

१३ फेब्रुवारी

आज संपायला हवं होतं. छत्तिसाव्या रात्रीवर आहोत. दहावीची पोरं परीक्षेमुळे बाद, माझी मुलगीपण. बाकीच्यांनी ठरवलं की त्यांच्यासाठी थांबायचं, शेवटच्या सहा रात्री परीक्षा झाल्यावर एकत्र. मला पटलं नव्हतं, लय तुटते, पण मतदान झालं.

संध्याकाळी ऑफिसातून येताना जेलच्या भिंतीच्या कडेने चालत आले. गुरुजी तेव्हा ३३ वर्षांचे होते, १८९९चा जन्म. आई १९१७ला गेली होती, म्हणजे मध्ये पंधरा वर्षं. म्हणजे आपण ज्याला श्यामची गोष्ट म्हणतो ती लहानपणी लिहिलेली नाही, एका तिशीतल्या माणसाने कोठडीत बसून मागे वळून लिहिलीय, आणि तो माणूस आज माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आहे. घरी येऊन हे सांगितलं तर मुलगी भूमितीतून मान वर न काढता म्हणाली, “म्हणजे दोन्हीकडची कॉपी त्याने आधीच केली होती.” बरोबर आहे तिचं. त्याच्या आत लाल-निळं दोन्ही आहे आणि आम्ही ते वेगळं करत बसलोय.

२३ मार्च

संपलं. शेवटच्या रात्री मोठ्याने वाचल्या, आळीपाळीने. श्याम पोचतो तेव्हा आई गेलेली असते, त्या रात्रीचं वाचन नववीच्या पोरीकडे आलं होतं, तीच ती ‘रोज रडतात का’वाली. एकदाही न अडखळता सपाट आवाजात वाचलं तिने आणि त्यामुळेच की काय आमची सगळ्यांची वाट लागली. नंतर तिने पाणी मागितलं.

२७ मार्च

मेन कॉपी करतेय. एक एक रात्र घ्यायची, पंधरा कॉप्या उघडून टेबलावर पसरायच्या, निळं निळ्याने, लाल लालने. एका रात्रीला पाऊण तास लागतो, मोठ्या रात्रीला जास्त. कोणीतरी वाचून दाखवणारं बरोबर घ्या, एकट्याने मान मोडते.

पहिल्या तीसेक रात्रींत जे वाटलं होतं तेच दिसतंय: निळं श्यामवर, लाल आईवर. पोरं विचारतात याला काय झालं, मोठे विचारतात तिचं काय झालं असेल. वडिलांवर कोणाचंच फार नाही, बिचारे भाऊराव.

सदतिसाव्या रात्रीला मात्र सगळं फसलं. घरावर जप्तीची दवंडी, शाळेत मुलं श्यामच्या धाकट्या भावाला चिडवतात, तो रडत घरी येतो. मोठ्यांच्या लाल खुणा सगळ्या आईपाशी, ती काय भोगत असेल वगैरे. धाकट्या भावाच्या त्या वाक्यांना लाल नाही. निळं आहे, एकाच कॉपीत, खाली बारीक अक्षरात: ‘आमच्याकडे दवंडी नाही येत. मेसेज येतो. कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना.’

कोणाची कॉपी ते सांगत नाही, ओळखू येईल असं काही वर लिहिलेलं नाही, आणि त्या पोराला विचारूनच हे लिहितेय. कर्ज देणारी ती मोबाइलवरची अॅप्स, हप्ता थकला की फोनमधले सगळे नंबर काढून नातेवाइकांना, शिक्षकांना, मित्रांच्या आयांना मेसेज जातात, फोटोसकट. पेपरात वाचलेलं असतं आपण. मी तर आकड्यांत असते, मला वाटत होतं हा भाग मला समजला, बैठकीत भाषण पण ठोकलं होतं. तेव्हा तो तिथेच बसला होता, मागच्या बाकावर, चिवडा खात.

मेन कॉपी सोसायटीच्या ऑफिसात ठेवायची असं ठरलेलं आहे, कोणीही येऊन बघेल. निळ्याने लिहिलं तर पोरं आठच आहेत, दोन मिनिटांत कळेल कोण. म्हणून त्याला खाली बोलावलं आणि विचारलं, वगळू का रे? तो बराच वेळ पान उलटपालट करत होता. म्हणाला, “नको, राहू दे. लाल रंगाने लिहा ना काकू.”

लाल रंगाने लिहिलं.

२९ मार्च

बाकीचं आटपलं. हिशोब: प्रिंट ४२००, चिठ्ठ्या ३२०, पेनं (वाया) १५०, लाल-निळ्या पेन्सिली २००, चहा-चिवडा ज्याने त्याने आणला तो धरलेला नाही. वर्गणी ३५०० जमली होती, वरचे १३७० माझ्याकडून गेले, ते ह्यांना सांगितलेलं नाही.

करणार असाल तर थोडक्यात. नोव्हेंबरात सुरू करू नका, दहावीची परीक्षा मध्ये येते, जूनमध्ये करा, पावसाळ्यात पोरं घरात सापडतात. बाराव्या रात्रीपासून सुरू करा. बत्तीस ते सदतीस एका आठवड्यात ओळीने वाचा आणि त्या आठवड्यात घरी वाचायला सांगा, आधी मोठ्याने चर्चा नको. समासात लिहिलेलं ज्याचं त्याला विचारल्याशिवाय दुसरीकडे उतरवू नका. आणि दोन रंगांचा नियम कितीही आवडला तरी मेन कॉपीवर ‘निळा म्हणजे मुले, लाल म्हणजे मोठे’ असं कुठेही लिहू नका. मी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, आज त्याच्यावर पांढरा कागद चिकटवला. प्रेसवाल्या काकांनी लगेच विचारलं हे काय, तर सांगितलं स्पेलिंग चुकलं होतं.

पुढचं पुस्तक कोणतं यावर ग्रुपवर भांडण चालू आहे. पोरांना भुताचं काहीतरी हवंय. प्रिंटच्या दुरुस्त केलेल्या फायली माझ्याकडे आहेत, ‘ऱ्या’ सगळे तपासलेत, फक्त एकविसाव्या रात्रीतले दोन राहिलेत ते या रविवारी करते.